ठासणीच्या बंदुकीचा पहिला बार : उडवण्याआधी काय पाहाल?

सोलापूर, मोहोळ, बार्शी या भागातल्या वाचकांकडून एक प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येत असतो. माळवदाचा जुना वाडा उतरवायला काढला की बळदात, नाहीतर तुळईच्या आडोशाला, लांब नळीची एक बंदूक सापडते. आजोबांची किंवा पणजोबांची. ज्वारीत डुकरे शिरायची म्हणून कधीकाळी घेतलेली. घोडा अजून हलतो, दस्ता शाबूत असतो. घरातला तरुण म्हणतो, एकदा दारू भरून बार उडवून बघू. वडीलधारे विचारतात, परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो चालेल ना?

नाही चालणार. आणि परवान्याचा प्रश्न सुटला तरी ती बंदूक तशीच उचलून बार भरायचा नसतो. म्हणून तुमची हौस मोडायची असे मात्र नाही. ठासणीच्या बंदुकीचा पहिला बार ही खरोखर अंगावर रोमांच आणणारी गोष्ट आहे, आणि ती कायद्यात बसवून, डोळे-बोटे शाबूत ठेवून अनुभवता येते. फक्त क्रम चुकवू नका : आधी बंदुकीची तपासणी, मग कागद, बार सगळ्यांत शेवटी.

तुमच्याकडे नेमके काय आहे?

ठासणीची म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची बंदूक. ती पेटवायच्या तऱ्हा तीन. तोड्याच्या बंदुकीत जळती वात रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेकते. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. केपाच्या बंदुकीत घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर, म्हणजे केपावर, आदळतो. शेतकऱ्यांच्या घरात सापडणारी बंदूक बहुधा केपाची असते. तोड्याची निघाली तर ती बरीच जुनी असण्याचा संभव आहे, आणि तिची वाट संग्रहाकडे जाते, रानाकडे नाही.

‘इतकी जुनी आहे, तिला कसला परवाना?’ या समजुतीने अनेकजण अडचणीत येतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती कालबाह्य, पुरातन किंवा मोडकळीला आलेल्या अशा शस्त्राला, जे दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही. अट त्या शेवटच्या शब्दांत आहे. घोड्याची कमान बदलली की बार लागेल अशी स्थिती असेल, तर ती बंदूक कायद्याच्या लेखी चालती बंदूकच. संग्राह्य वस्तू म्हणून ओळखल्या गेलेल्या जुन्या लहान शस्त्रांसाठी अलीकडच्या नियमांनी बाळगण्यापुरती सवलत दिली आहे. तरीही ती वापरायला आणि घराबाहेर न्यायला परवाना लागतोच. आणि आपली बंदूक त्या वर्गात बसते की नाही, हे आपण घरबसल्या ठरवायचे नसते.

ती रिकामी आहे असे धरून चालू नका

पूर्वी रात्री रानात जायची तयारी म्हणून बंदूक भरून ठेवत. डुक्कर आले नाही की ती तशीच खुंटीला. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते. त्यामुळे सापडलेली प्रत्येक ठासणीची बंदूक भरलेली आहे असेच समजा. तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवा, चापाला हात लावू नका, घोडा ओढून ‘चालतो का’ ते बघू नका. मुलांना खोलीबाहेर काढा.

भरलेली बंदूक ओळखण्याची जुनी रीत म्हणजे गज नळीत सोडून तोंडापाशी खूण करायची आणि तोच गज नळीला बाहेरून लावून खूण कुठवर पोचते ते बघायचे. खूण नळीच्या बुडापर्यंत पोचली नाही, तर आत काहीतरी आहे. हे काम जाणत्या, परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याचे. आत काही आहे असे दिसले तर ते उकरणे, तापवणे, तेल ओतून ठोकणे यांतले काहीही घरी करायचे नाही. पोलिसांना कळवतानाही ‘भरलेली असू शकते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

एक बार आहे की दोन, हेही बाहेरून दिसत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गच्या रणांगणावरून हजारो बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक भरलेल्याच निघाल्या, आणि अनेकींत एकावर एक दोन बार ठासलेले होते. घाबरलेल्या शिपायाला पहिला बार लागलाच नाही, हे त्या गोंगाटात कळले नव्हते. शिकलेल्या माणसाकडून हे होत असेल तर नवख्याने किती जपावे, हे लक्षात घ्या.

आणि हो, बंदूक खांद्यावर घेऊन काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. अनेक प्रकरणे तिथूनच पोलीस ठाण्यात पोचतात.

कागदांच्या तीन शक्यता

पहिली : परवाना होता, धारक वारले. परवाना माणसाच्या नावाचा असतो. तो गेला की घरच्यांकडची बंदूक बेकायदेशीर ताब्यात जाते. कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पोच घ्या. त्यानंतर वारसाने आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, जुना परवाना, जमा केल्याची पावती आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र जोडा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. धारक हयात असतानाही ठरावीक वयानंतर किंवा ठरावीक वर्षे परवाना बाळगल्यावर तो वारसाकडे देण्याचा अर्ज करता येतो. वडील थकले असतील तर त्यांच्या हयातीतच हे करा. पुढची धावपळ निम्मी होते.

दुसरी : परवाना कधी नव्हताच, किंवा कागद सापडत नाहीत. आधी कलेक्टर कचेरीत आणि पोलीस ठाण्यात जुन्या नोंदी आहेत का ते विचारा. गावच्या पोलीस पाटलांनाही अशा बंदुका माहीत असतात. काहीच मिळाले नाही तर वकिलाला भेटा आणि त्यांच्यामार्फत लेखी कळवून बंदूक जमा करा. ‘नदीत टाकू’, ‘भंगारात देऊ’, ‘पाहुण्याकडे ठेवू’ या तिन्ही युक्त्या वाईटच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे आहे. पाहुणाही त्यात अडकतो.

तिसरी : चालवायची नाही, आठवण म्हणून ठेवायची आहे. बंदूक कायमची निकामी करून घेण्याचा मार्ग आहे, पण तो परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने. गावच्या लोहाराकडून नळीला भोक पाडून घेणे म्हणजे निकामी करणे नव्हे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरातन वस्तू कायदा, १९७२ लागू होतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

शेतकऱ्याला कायदा काय देतो

बऱ्याच जणांना ठाऊक नसते, पण शस्त्र अधिनियमात ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. कलम १३ म्हणते की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो द्यावा. कलम १४ मधली नकाराची कारणे लागू होत नसतील तर. ठासणीची पुरेशी पडत नाही असे प्राधिकाऱ्याला पटले तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो.

सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. नमुना ए-१. सोबत साधारण हे लागते :

- वयाचा पुरावा (२१ वर्षे पूर्ण हवीत), ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो
- सातबारा आणि आठ-अ. जमीन कसणारे तुम्हीच आहात हे दिसायला हवे
- पिकाच्या नुकसानीचे पंचनामे, असतील तेवढे सगळे
- शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र
- शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र
- बंदूक घरात कुठे, कशी कुलपात ठेवणार याची माहिती

मंजूर परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होते आणि त्याला युनिक क्रमांक मिळतो. वारसाने आलेल्या जुन्या परवान्यावर हा क्रमांक नसेल तर तो मुद्दा पहिल्याच भेटीत विचारा. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे.

पंचनाम्यांवर जरा थांबतो, कारण अर्ज बहुधा तिथेच अडतो. ऊस वाढला तसे रानडुकरांना बारमाही लपण मिळाले आहे. दिवसा उसात, रात्री शेजारच्या मक्यात. शेतकरी वैतागतो, पण नुकसान कागदावर आणत नाही. प्रत्येक वेळी वन विभागाला कळवा. मुदत फार थोडी असते, त्यामुळे त्याच दिवशी कळवलेले बरे. त्यातून भरपाईही मिळते आणि ‘खरेखुरे पीकसंरक्षण’ या शब्दांना पुरावाही उभा राहतो.

नकार आला तर : कारणे लेखी नोंदवणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि मागितल्यावर त्यांचे थोडक्यात निवेदन मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, सार्वजनिक हिताचे कारण असेल तरच ते रोखता येते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यातच आहे. दोन एकरवाल्यानेही हे ध्यानात ठेवावे. कलम १८ खाली अपील करता येते. तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत येऊ नका; लेखी उत्तर मागा.

नान्नजच्या आसपास राहणाऱ्यांसाठी

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र पुढे बरेच कमी करण्यात आले, तरी उत्तर सोलापूर आणि लगतच्या तालुक्यांतल्या गावांना त्याचा संबंध येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आगाऊ संमती लागते. जुन्या परवानाधारकांनाही वन विभागाकडे नोंदणी करावी लागते. अर्ज महिनोन्‌महिने रखडण्याचे हे एक कारण असते आणि खिडकीवर कोणी ते सांगतेच असे नाही. तुमचा गट त्या हद्दीत येतो का, हे वन विभागाकडून आधीच लेखी घ्या. अभयारण्यातून बंदूक घेऊन जाणे तर परवानगीशिवाय नाहीच, मग तो रोजचा पायवाटेचा रस्ता असला तरी.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे

पीकसंरक्षणाच्या बंदुकीने डुक्कर मारता येते, असा सरसकट समज आहे. शस्त्राचा परवाना गृह खात्याचा, प्राण्याचा कायदा वन खात्याचा. रानडुकरासाठीही प्राधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. काळवीट आणि माळढोक अनुसूची एकमधले. त्यांच्या दिशेने नुसती नळी रोखली तरी प्रकरण गंभीर होते. व्यवहारात या बंदुकीचा मुख्य उपयोग आवाजाचा. मोकळा बार काढला की कळप पळतो, आणि माझ्या मते बहुतेक शेतकऱ्यांना तेवढेच पुरते.

आणखी काही खाचखळगे :

- लग्नाची वरात, शिवजयंतीची मिरवणूक, गावची जत्रा इथे बंदूक न्यायची नाही. हौसेखातर केलेल्या गोळीबाराला २०१९ पासून वेगळे कलम आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- ‘मित्राचा परवाना आहे, मी एक बार उडवतो’ हे चालत नाही. परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा लेखी अधिकाराने बंदूक हाताळण्याची सवलत दुरुस्ती, नूतनीकरण किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठी ती नेण्यापुरतीच आहे.
- निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश आला तर जमा करा, पावती जपा आणि निकालानंतर परत घ्यायला विसरू नका.
- कोडगूत घराघरांत बिनपरवाना बंदुका असतात, हे खरे आहे. पण ती सूट ब्रिटिश काळापासून कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना आहे, आणि केंद्र सरकार ती ठरावीक मुदतीपुरती वाढवत आले आहे. मेवाडातल्या मेनारचा होळीनंतरचा बारूदोत्सवही तुम्ही पाहिला असेल. यांतले काहीही सोलापुरात दाखला म्हणून चालत नाही.

आता बार

परवाना हातात आला, बंदूक परवानाधारक कारागिराने तपासून ‘नळी धड आहे’ असे सांगितले, आणि शेजारी ही बंदूक पूर्वी चालवलेला जाणता माणूस उभा आहे. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढचे वाचा. कुठे उडवायचा, हे पोलीस ठाण्याला आधी लेखी विचारून ठरवा. पीकसंरक्षणाच्या परवान्यात हौशी नेमबाजी बसत नाही. मागे मातीचा उंच बांध हवा. सोलापूरच्या माळावर फेब्रुवारीनंतर गवत वाळून कोळ झालेले असते आणि ठासणीच्या बंदुकीतून गोळीबरोबर जळती चिंधीही बाहेर पडते. तेव्हा जमीन आधी भिजवा, पाण्याची घागर जवळ ठेवा, आणि कडब्याच्या गंजीच्या आसपास तर फिरकूही नका.

दारू फक्त परवान्यावर, परवानाधारक विक्रेत्याकडून. घरी कुटायची नाही. फटाक्यांतली तर मुळीच नाही. ती भलत्याच वेगाने पेटते आणि नळी फाडते. काडतूस फोडून काढलेली धूरविरहित दारूही तशीच जीवघेणी. किती भरायची ते त्या नळीपुरते कारागिराने सांगितलेले माप, आणि पहिल्यांदा त्याहून कमी.

भरण्याचा क्रम सावकाश आहे, आणि खरी मजा त्या सावकाशीतच आहे. घोडा अर्ध्यावर, केप नाही. दारू आधी मापात, मापातून नळीत. डब्यातून थेट कधीच नाही, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत असली तर सगळा डबा हातात उडतो. मग तेलाने ओलसर केलेली चिंधी आणि गोळी. गज आखूड धरून थोडा थोडा दाबत न्यायचा, गोळी दारूवर टेकेपर्यंत. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. गजावर भरलेल्या बाराची खूण करून ठेवा. पुढच्या वेळी एका नजरेत कळते. या सगळ्या वेळात चेहरा नळीच्या तोंडावर येऊ द्यायचा नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. केप सगळ्यांत शेवटी, नळी बांधाकडे झाल्यावरच.

आता घोडा पूर्ण ओढा, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवा, श्वास अर्धा सोडा आणि चाप हळू दाबा. आवाज काडतुसाच्या बंदुकीसारखा टणकन येत नाही. तो जाड, घुमणारा येतो. खांद्याला दणका बसण्याऐवजी कोणी तळहाताने मागे रेटावे तसा रेटा बसतो. आणि समोर पांढऱ्या धुराची भिंत. लागला की चुकला, ते धूर विरेपर्यंत कळत नाही, आणि त्या दोन-चार सेकंदांत माणूस हसायला लागतो. वय कितीही असो. वास गंधकाचा, सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम झाल्यावर रेंगाळतो तसा. चकमकीची असेल तर रंजक आधी भडकते आणि बार किंचित उशिरा लागतो. तेवढ्या वेळात नेम हलू न देणे हीच त्या बंदुकीची परीक्षा.

बार लागला नाही तर खाली घेऊ नका, तोंडाकडे बघू नका. नळी बांधाकडेच रोखून किमान एक मिनिट थांबा. बार उशिराने लागू शकतो. मग नवा केप लावून बघा. दोन-तीनदा करूनही लागला नाही तर पुढचे काम जाणत्याचे. ‘बहुधा भरलाच नव्हता’ असे म्हणून वरून दुसरा बार ठासणे, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक.

साफसफाई त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून घन काजळी होतो आणि ती हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात एका रात्रीत नळीला गंज धरतो. गरम पाणी, कोरडी चिंधी, मग हलके तेल. दारू आणि केप वेगवेगळ्या कुलपांत ठेवा, स्वयंपाकघर आणि देवघरातल्या समईपासून लांब.

परवाना नको, अनुभव हवा असेल तर

केवळ हौस असेल तर बंदूक घेण्याच्या फंदात पडू नका, असेच मी सांगेन. मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्य होऊन पॉइंट टू-टू किंवा एअर रायफलवर हात बसवा. ठासणीची तिथे मिळेलच असे नाही, पण श्वास, चाप आणि शिस्त तीच. जुन्या बंदुका बघायच्या असतील तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा आहे.

मुलगा किंवा मुलगी परदेशी असेल तर आणखी एक वाट आहे. युरोप-अमेरिकेत ठासणीच्या नेमबाजीचे रीतसर क्लब आहेत, आणि एमएलएआयसी ही आंतरराष्ट्रीय संघटना या नेमबाजीच्या जागतिक स्पर्धाही भरवते. त्यांत तोड्याच्या बंदुकीच्या एका प्रकाराला जपानी बेटावरून ‘तानेगाशिमा’ असे नाव आहे. पाहुण्यांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बार उडवू देणारी मैदानेही असतात. पर्यटक व्हिसावर तिथे काय चालते ते देशागणिक आणि अमेरिकेत राज्यागणिक बदलते. जावयाच्या शब्दावर विसंबू नका, क्लबच्या कार्यालयाकडून ईमेलवर उत्तर घ्या. परतताना दारू, केप, आठवण म्हणून उचललेली गोळी यांतले काहीही सामानात नको. त्या दिवशी घातलेले जाकीट आणि पिशवीही धुऊन घ्या, कारण दारूचे कण विमानतळावरच्या स्फोटक तपासणीत सापडू शकतात आणि विमान सुटते.